आजोबांना ताप कोणी दिला?

प्रश्न: डॉक्टर, दोन महिन्यांपूर्वी घरच्या एका समारंभासाठी आम्ही चौदा जण रविवारी जमलो होतो. उकाडा होता म्हणून दिवाणखान्याची दारं-खिडक्या लावून एसी चालू ठेवला होता. चार-पाच तास सगळे तिथेच होतो. माझ्या मुलाचं (वय ८) शनिवारपासून नाक वाहत होतं. ताप नव्हता, नेहमीसारखा खेळत होता, म्हणून त्याला घेऊन गेले. मंगळवार-बुधवारी एकेक करत मी धरून पाच जण आजारी पडलो. ताईंच्या (माझ्या नणंदेच्या) मिस्टरांना रविवारी दुपारीच अंग मोडून आलं होतं, पण दगदग झाली असेल म्हणून कोणी फारसं लक्ष दिलं नाही. सासरे (वय ७४, फुप्फुसाचा जुना आजार) मंगळवारी रात्री तापले. शनिवारी ते नेहमीच्या तपासणीला दवाखान्यात जाऊन आले होते, दीड तास बसावं लागलं तरी अगदी ठणठणीत होते. गुरुवारी न्यूमोनिया निघाला. नऊ दिवस रुग्णालयात काढले, त्यातले चार ऑक्सिजनवर. तपासणीत इन्फ्लुएन्झा ए (फ्लूचा एक प्रकार) आला. आता घरी आहेत, पण जिना चढला की धाप लागते. त्या दिवसांत ताई फोनवर म्हणाल्या, "हिच्या मुलाने बाबांना मरणाच्या दारात नेऊन ठेवलं." फोन स्पीकरवर होता. मुलाने ऐकलं. तेव्हापासून तो आजोबांच्या खोलीत पाऊल टाकत नाही, दारात उभा राहून बोलतो. मीही त्याला जा म्हणत नाही, भीती वाटते. दिवसातून तीनदा कड्या, बटणं, रिमोट जंतुनाशकाने पुसते. मला खरं काय ते सांगा. माझ्या मुलामुळेच झालं का? एखाद्या टेस्टने कळेल का? आणि यापुढे बाबांना कसं जपू?

उत्तर:

तुमचं पत्र वाचून मी आधी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर वार लिहिले. शनिवार ते गुरुवार. सवयच आहे. साथ कुठून कुठे गेली ते शोधण्यात माझी नोकरीतली बरीच वर्षं गेली, आणि त्या कामात तारखा आधी येतात, नावं नंतर.

अगदी सुरुवातीला गोवराच्या एका साथीचा माग काढायला मला पाठवलं होतं. मी मोठ्या उत्साहाने वहीत मुलांची नावं लिहिली आणि लाल शाईने बाण काढले. याच्याकडून तिला, तिच्याकडून त्या जुळ्यांना. आमच्या वरिष्ठ बाईंनी वही उघडून पाहिली आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "बाण पेन्सिलने काढायचे," म्हणाल्या, "आणि खोडरबर जवळ ठेवायचा." चार दिवसांत निम्मे बाण मला उलटे फिरवावे लागले. तुमच्या ताईंनी एक बाण काढलाय, तो लाल शाईचा आहे. तो कितपत टिकतो ते पाहू.

इन्फ्लुएन्झाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन दिवस जातात. कमीत कमी एक, जास्तीत जास्त चार. याला अधिशयन काळ म्हणतात. मंगळवार-बुधवारी आजारी पडलेले तुम्ही सगळे या हिशेबात रविवारच्या दुपारशी बरोबर जुळता. तुमचे सासरे मंगळवारी रात्री तापले, म्हणजे त्यांना लागण शुक्रवार रात्र ते सोमवार रात्र यांच्या दरम्यान कधीतरी झाली. त्यात रविवार येतो. पण शनिवारही येतो, आणि शनिवारी ते दीड तास दवाखान्यात बसून होते, जिथे खोकणारी माणसंच जमतात. तुम्ही ते वाक्य ते किती ठणठणीत होते हे सांगायला लिहिलंत. मी त्याखाली रेघ मारली.

आता दुसरं वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ताईंच्या मिस्टरांना रविवारी दुपारीच अंग मोडून आलं होतं. समारंभात लागण व्हायची आणि त्याच दुपारी अंग मोडून यायचं, हे इन्फ्लुएन्झात घडत नाही. तो त्रास इन्फ्लुएन्झाचा असेल, तर ते घरात शिरले तेव्हाच विषाणू त्यांच्याबरोबर आला होता. शिवाय इन्फ्लुएन्झाचा माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून इतरांना लागण देऊ शकतो, आणि पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वांत जास्त देतो.

आणि तुमचा मुलगा? त्याला मी यादीतून वगळू शकत नाही. मुलांमध्ये इन्फ्लुएन्झा कधीकधी नुसत्या वाहत्या नाकावर निभावतो. पण ताप नाही, खेळणं चालू, फक्त नाक वाहतंय, यामागे त्या वयात डझनावारी विषाणू असू शकतात. साध्या सर्दीचा नेहमीचा विषाणू म्हणजे रायनोव्हायरस, त्या एकट्याचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. अमेरिकेतल्या युटा राज्यात संशोधकांनी २६ कुटुंबांतल्या १०८ माणसांच्या नाकातले नमुने वर्षभर दर आठवड्याला तपासले होते. ज्या घरात मूल नाही तिथे वर्षातले तीन-चार आठवडे कुठला ना कुठला श्वसनाचा विषाणू सापडला. एक मूल असलेल्या घरात १८ आठवडे. सहा मुलांच्या घरात ४५. पाच वर्षांखालच्या मुलांच्या नाकात तर निम्मं वर्ष काही ना काही सापडत होतं, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा मुलाला काही होतही नव्हतं. मुलाचं नाक वाहत होतं एवढ्यावरून त्याच्याकडे नेमका तोच विषाणू होता असं म्हणणं म्हणजे गावात चोरी झाली त्या रात्री ज्याच्या घरी दिवा दिसला त्याला पकडण्यासारखं आहे.

याखेरीज त्या चौदा जणांत कोणीतरी असाही असू शकतो ज्याला विषाणू होता पण काहीच जाणवलं नाही. तो तर कुठल्याच यादीत येत नाही.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: असू शकतं, पण तसं म्हणायला पुरावा नाही, आणि जो थोडाफार आहे तो दुसरीकडे जास्त झुकतो. आता कृपा करून हा कागद घेऊन ताईंना फोन लावू नका. मला माहीत आहे, बोटं शिवशिवतील. पण मिस्टरांचीही तपासणी झालेली नाही, त्यांनाही तो कोणीतरी दिलाच असणार, आणि एका बाणाची जागा दुसऱ्या लाल बाणाने घ्यावी यासाठी मी हे वार मांडले नाहीत.

टेस्टबद्दल थोडक्यात सांगते. दोन महिन्यांनी नाकाच्या नमुन्यात काही उरत नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून (अँटिबॉडीजवरून) फार तर कधीतरी इन्फ्लुएन्झा होऊन गेला एवढं कळेल. कोणाकडून आला, कोणाला दिला, हे नाही. जिनोम सिक्वेन्सिंगबद्दल, म्हणजे विषाणूचा जनुकीय आराखडा वाचून नमुने ताडून पाहण्याबद्दल, तुम्ही ऐकलं असेल. त्यासाठी त्या वेळचे नमुने जपलेले असावे लागतात, आणि तेही असते तरी एक अडचण होतीच. विषाणूच्या जिनोममध्ये बदल होत जातात हे खरं, पण चार दिवसांत एका घरात सहा जणांना होताना तो इतका कमी बदलतो की सगळ्यांचे नमुने बहुतेक वेळा सारखेच निघतात. दोन नमुने स्पष्ट वेगळे निघाले तर "याचा त्याच्याशी संबंध नाही" हे छातीठोक सांगता येतं. सारखे निघाले तर कोणी कोणाला दिला ते कळत नाही. निर्दोष सोडायला हे तंत्र चांगलं आहे, दोषी ठरवायला कच्चं.

निर्दोष सुटण्यावरून एक गोष्ट आठवली, आणि ती आमच्या क्षेत्राला मान खाली घालायला लावणारी आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एड्सच्या रुग्णांचे एकमेकांशी संबंध जोडणारा एक अभ्यास झाला. त्यात कॅलिफोर्नियाबाहेरचा एक रुग्ण होता, कॅनडातला विमान कर्मचारी गाएतान दुगा. "आऊट ऑफ कॅलिफोर्निया" म्हणून त्याच्यापुढे इंग्रजी ओ हे अक्षर लिहिलं. वाचणाऱ्यांनी ते शून्य वाचलं, आणि "पेशंट झिरो" हा शब्द जन्माला आला. १९८४ मध्ये तो वारला. पुढे त्याचं नाव जगभर छापून आलं ते अमेरिकेत एड्स आणणारा माणूस म्हणून. २०१६ साली संशोधकांनी १९७०च्या दशकातले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने आणि दुगाचा नमुना यांतल्या विषाणूंचा वंशवृक्ष मांडला. विषाणू न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या आसपासच पोहोचला होता, आणि दुगाचा विषाणू त्या झाडाच्या मुळाशी नव्हता, मधल्या कुठल्याशा फांदीवर होता. तीस वर्षं एका माणसाच्या नावाला चिकटलेला डाग एका अक्षराच्या चुकीच्या वाचनाने मोठा झालेला होता.

अशी नावं घेण्याने साथीही आटोक्यात येत नाहीत, उलटंच होतं. दोष लागणार हे दिसलं की माणसं लक्षणं लपवतात. तुमच्याच घरात पुढच्या वेळी कोणाचा घसा दुखला, तर तो सांगेल की गोळी घेऊन गुपचूप येऊन बसेल, याचा विचार करा. संपर्क शोधणारे लोक रुग्णाचं नाव त्याच्या संपर्कातल्या माणसांनाही सांगत नाहीत, त्याचं कारण निव्वळ सौजन्य नाही.

मग विचारायचं काय? मी कागदावर वारांच्या खाली एक शब्द लिहिलाय: एसी.

१९७७ साली अलास्कात एक विमान इंजिनाच्या बिघाडामुळे तासन् तास जमिनीवरच अडकून पडलं. आत ५४ माणसं होती, आणि दोन-तीन तास हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती. त्यात एका तरुणीला इन्फ्लुएन्झा झाला होता. विमानात चढल्यावर लगेचच तिला त्रास सुरू झाला होता. पुढच्या ७२ तासांत ७२ टक्के लोक आजारी पडले, आणि जे विमानात जास्त वेळ बसून होते त्यांच्यात प्रमाण जास्त होतं. आमच्या शिकवणीत हे उदाहरण वर्षानुवर्षं येतं. त्या तरुणीचं नाव कोणाला माहीत नाही, बंद हवा सगळ्यांना आठवते. तीच तरुणी एखाद्या उघड्या व्हरांड्यात बसली असती तर कदाचित ती एकटी चार दिवस झोपून राहिली असती आणि हे प्रकरण कोणी लिहिलंही नसतं.

२००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या गंभीर आजाराच्या साथीत सिंगापूरमध्ये असंच दिसलं. पहिल्या २०१ रुग्णांपैकी १६२ जणांनी, म्हणजे १०० पैकी ८१ जणांनी, कोणालाही लागण दिल्याचा पुरावा सापडला नाही, आणि पाच जणांकडून मात्र प्रत्येकी दहा किंवा जास्त लोकांना झाली. ते पाच जण काही वेगळे निष्काळजी नव्हते. विषाणू शरीरात किती आहे, आजाराचा कितवा दिवस आहे, खोली केवढी, बाहेरची हवा किती येते, किती वेळ, किती माणसं, मोठ्याने बोलणं-हसणं किती, हे सगळं एकाच ठिकाणी जुळून आलं की स्फोट होतो. तुमच्या दिवाणखान्यात ते जुळून आलं होतं. घरगुती एसी सहसा बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच थंड करून पुन्हा फिरवतो. चौदा माणसांनी चार-पाच तास एकमेकांचा श्वास वाटून घेतला.

इथे तुमच्या कड्या-बटणांकडे येते. तुम्ही दिवसातून तीनदा पुसता हे वाचून मला वाईट वाटलं, कारण तेवढ्या कष्टाचं फळ तुमच्या पदरात पडत नाहीये. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात इलियट डिक यांच्या गटाने सर्दीवर काही प्रयोग केले होते, १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. मला ते फार आवडतात, कारण त्यात विज्ञानाबरोबर थोडा वात्रटपणाही आहे. रायनोव्हायरसची जोरदार सर्दी झालेली माणसं आणि धडधाकट माणसं यांना एका टेबलाभोवती बसवून बारा तास पत्ते खेळायला लावले. धडधाकट खेळाडूंपैकी अर्ध्यांच्या हातांना किंवा गळ्याभोवती अशी अडकण बसवली की हात नाकाडोळ्यांपर्यंत पोहोचूच नयेत. सर्दी हातांवाटे जात असेल तर ते वाचायला हवे होते. झालं काय? हात मोकळे असलेल्या १८ पैकी १२ जणांना सर्दी, हात अडकवलेल्या १८ पैकी १० जणांना. जवळपास सारखंच. मग दुसरा भाग. आजारी लोकांनी वापरून चिकट झालेले तेच पत्ते दुसऱ्या खोलीत नेले, तिथे बारा निरोगी माणसांनी ते घेऊन बारा तास खेळायचं आणि मुद्दाम हात नाकाडोळ्यांना लावत राहायचं. एकालाही सर्दी झाली नाही.

एका प्रयोगाने वाद मिटत नाहीत. हातावरून नाकाकडे रायनोव्हायरस जाऊ शकतो हे व्हर्जिनियातल्या दुसऱ्या एका गटाने दाखवलं होतं, तेही खोटं नाही. पण इन्फ्लुएन्झाचा विषाणू स्टील-प्लास्टिकवर २४ ते ४८ तास टिकला तरी हातावर आल्यावर जेमतेम पाच मिनिटं तग धरतो. कडीवरून बोटावर, बोटावरून नाकात, हा रस्ता आहे, पण अरुंद आहे. श्वासाचा रस्ता राजरस्ता आहे.

तो राजरस्ता मान्य करायला आम्हा आरोग्यवाल्यांनाच किती वेळ लागला ते सांगितलं तर तुम्ही स्वतःवर कमी रागवाल. आम्हाला शिकवलं जायचं की पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे थेंब तोंडातून निघाले की मीटर-दीड मीटरवर खाली पडतात, त्यामुळे जरा लांब उभं राहिलं की झालं. हिशेब करून पाहा: दीड मीटर उंचीवरून १०० मायक्रॉनचा थेंब पाच-एक सेकंदांत जमिनीवर येतो, पण पाच मायक्रॉनच्या कणाला अगदी निश्चल हवेतही अर्धा तास लागतो, आणि एक मायक्रॉनचा कण अर्धा दिवस तरंगतो. घरातली हवा निश्चल कधीच नसते. मग पाच हा आकडा आला कुठून? जुने कागद उपसल्यावर असं दिसलं की तो क्षयरोगाच्या अभ्यासातला होता. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचायला कण पाच मायक्रॉनपेक्षा लहान लागतो, एवढाच त्याचा अर्थ. खोलवर जाणारा कण आणि हवेत राहणारा कण या दोन गोष्टी कोणीतरी एकत्र केल्या आणि पाठ्यपुस्तकांनी त्या तशाच पुढे दिल्या. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं. जुलैत २३९ शास्त्रज्ञांना खुलं पत्र लिहून हवेकडे लक्ष द्या म्हणावं लागलं. तोवर जग पार्सलं पुसत बसलं होतं. मीही पुसली. तेव्हा तुमच्या हातातल्या फडक्याला हसण्याचा मला मुळीच अधिकार नाही.

फडकं दिवसातून एकदा पुरे. हात साबणाने धुणं चालू ठेवा, आणि घरात उलट्या-जुलाबाचा विषाणू आला तर जास्तच धुवा, कारण नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा नाही आणि तिथे पृष्ठभागांवरचा विषाणू खरोखर महत्त्वाचा असतो. श्वसनाच्या आजारांसाठी मात्र वाचलेला वेळ खिडक्यांना द्या. सासऱ्यांच्या खोलीत समोरासमोरची दोन तावदानं, किंवा खिडकी आणि दार, दिवसातून अनेकदा उघडी राहतील असं बघा. पाहुणे आले की एसी हवा असला तरी एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. विजेचं बिल वाढेल, वाढू द्या. घरात कोणी आजारी असेल तर त्याने वेगळ्या खोलीत राहावं आणि बाहेर येताना नीट बसणारा मास्क लावावा, त्याची काळजी घेणाऱ्यानेही. नियम एकच आणि सगळ्यांना सारखा: ज्याला ताप, घसा किंवा वाहतं नाक आहे, तो त्या दिवशी फोनवरून हजर. आठ वर्षांचा असो की पन्नास. मुलासाठी वेगळा नियम केलात तर तो ताईंचं वाक्य खरं मानेल.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, त्यामुळे घेतली नसावी असं धरते: फ्लूची लस. इन्फ्लुएन्झाला आपण "साधा फ्लू" म्हणतो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने तो दर वर्षी जगात २,९०,००० ते ६,५०,००० माणसं नेतो, आणि त्यात तुमच्या सासऱ्यांसारखी वयस्कर, आधीच एखादा आजार असलेली माणसं खूप असतात. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून लस दर वर्षी घ्यावी लागते. ती काही चिलखत नाही. लशीचा आणि त्या वर्षीच्या विषाणूचा चांगला मेळ बसला तर डॉक्टरकडे जावं लागेल अशा आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, म्हाताऱ्या शरीरात बऱ्याचदा त्याहून कमी. पण आजार झाला तरी तो हलका जाण्याची शक्यता वाढते. न्यूमोकॉकस या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूवरच्या लशीबद्दलही त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आणि इथे तुमचा मुलगा पुन्हा येतो, या वेळी उलट्या बाजूने. कॅनडातल्या हटराइट या ख्रिस्ती पंथाच्या समाजाच्या वसाहती जगापासून बऱ्याच अलग असतात, पण आतमध्ये सगळ्यांची ऊठबस एकत्र. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा ४९ वसाहती घेतल्या. काही वसाहतींतल्या ३ ते १५ वर्षांच्या मुलांना फ्लूची लस दिली, उरलेल्यांतल्या मुलांना काविळीची, हिपॅटायटिस ए ची. मोठ्यांना या अभ्यासात काहीच दिलं नाही. मग हंगामभर मोजलं. ज्या वसाहतींत मुलांना फ्लूची लस दिली होती तिथे लस न घेतलेल्या बाकीच्या लोकांनाही इन्फ्लुएन्झा ६१ टक्क्यांनी कमी झाला. लस मुलांच्या दंडाला, संरक्षण मोठ्यांना. तुमच्या घरात आजोबांच्या बाजूने उभा राहू शकेल असा सर्वांत कामाचा माणूस आठ वर्षांचा आहे. त्याला हे सांगा. याच शब्दांत सांगितलंत तरी चालेल.

एक काम या आठवड्यातच करा. सासऱ्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा की पुन्हा ताप आला तर कोणाला, किती वाजेपर्यंत फोन करायचा. इन्फ्लुएन्झावरची विषाणूरोधक औषधं लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केली तर सर्वांत जास्त उपयोगी पडतात, आणि त्यांच्यासारख्या रुग्णाच्या बाबतीत तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबू नये असंच सांगितलं जातं. हे मागच्या वेळच्या मंगळवार-गुरुवारबद्दल नाही, पुढच्यासाठी आहे. ताप आल्यानंतरच्या आठवड्यात छातीत दुखलं, डाव्या हातात कळ आली, दरदरून घाम फुटला तर "फ्लूचा अशक्तपणा" म्हणून घालवू नका. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या २०१८च्या अभ्यासात इन्फ्लुएन्झाचं निदान झाल्यावरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सहापट निघालं. जिन्यावरची धाप अजून बरेच आठवडे राहू शकते, पण ती वाढत चालली असेल तर दाखवून घ्या.

ताईंबद्दल मला फार काही सांगता येणार नाही, मी त्यांना ओळखत नाही. एवढंच वाटतं की वडील ऑक्सिजनवर असताना त्या बोलल्या. भ्यालेल्या माणसाला कोणाचं तरी नाव लागतं. त्यांच्याशी बोलायचं तर समारंभाच्या त्या रविवारबद्दल बोलू नका. "डॉक्टर म्हणतात घरातल्या सगळ्यांनी लस घ्यायची, तुम्ही कधी येताय?" एवढं विचारा. माझ्या नावावर खपवा. पण मुलाच्या कानावर त्यांच्या तोंडून एखादं बरं वाक्य पडलं तर ते माझ्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त काम करेल. ते कसं घडवायचं हे तुमचे यजमान जाणोत. त्यांची बहीण आहे.

राहिला तो दारात उभा असलेला मुलगा. वैद्यकीयदृष्ट्या त्याने दारात उभं राहण्याचं आज काहीही कारण नाही. मुलं इन्फ्लुएन्झाचा विषाणू मोठ्यांपेक्षा जास्त दिवस टाकत राहतात, पण म्हणजे आठवडा-दीड आठवडा, दोन महिने नव्हे. आणि तुम्ही त्याला आत जा म्हणत नाही, यातून तो काय समजतो ते तुम्हाला कळतंच आहे. आजोबांनाही तो हवा असणार. सर्दीवर संशोधन करणाऱ्या शेल्डन कोहेन यांनी १९९७ मध्ये २७६ स्वयंसेवकांच्या नाकात रायनोव्हायरसचे थेंब टाकून त्यांना वेगळं ठेवलं आणि कोणाला सर्दी होते ते पाहिलं. ज्यांची नाती कमी प्रकारची होती त्यांना सर्दी होण्याचा धोका भरपूर प्रकारची नाती असलेल्यांच्या चौपट होता. ती सगळी तरुण आणि मधल्या वयाची माणसं होती, ७४ वर्षांच्या आजारी फुप्फुसांवर हा आकडा मी चिकटवणार नाही. तरी सांगायचा मोह आवरला नाही.

मुलाशी बोलताना "तुझ्यामुळे काही झालं नाही" असं ठाम सांगू नका. ते आपल्याला माहीत नाही, आणि आठ वर्षांच्या मुलांना मोठ्यांचं खोटं धीर देणं लगेच कळतं. त्याला खरं सांगा: त्या दिवशी खोलीत बरीच माणसं होती, हवा बंद होती, विषाणू कोणाकडून आला ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. सर्दी होणं ही कोणाची चूक नसते. मग त्याला वारांचा कागद काढून दाखवा, हवं तर पेन्सिल द्या, त्यालाच बाण काढू द्या. मुलांना हे कोडं आवडतं, आणि तीन-चार बाण काढल्यावर कोडं सुटत नाही हे त्याचं त्यालाच दिसेल.

आणि त्याला एक काम द्या, खोट्या महत्त्वाचं नाही, खरं. आजोबांच्या खोलीची खिडकी सकाळ-संध्याकाळ उघडायची जबाबदारी त्याची. त्यासाठी आत जावंच लागतं. ज्या दिवशी नाक वाहत असेल त्या दिवशी त्याने स्वतःहून सांगायचं, आणि ते काम तेवढे दिवस दुसऱ्या कोणीतरी करायचं, न रागावता. खिडकीची कडी उंच असेल तर स्टूल लागेल. ते डगमगत नाही ना, तेवढं आधी बघून घ्या.